बुद्धी मोजायला निघालेला माणूस : आल्फ्रेड बिने

आय. क्यू. हा शब्द ऐकला नाही असा माणूस आपल्या हॉस्टेलवर शोधूनही सापडायचा नाही. कोणी एका रात्रीत टर्मवर्कच्या सगळ्या फाइली संपवल्या की त्याचा आय. क्यू. भारी, आणि कोणाचे दोन विषय राहिले की त्याचा आय. क्यू. मायनसमध्ये! मेसमध्ये जेवता जेवता आपण एकमेकांना असे आकडे वाटत असतो. कॉमन रूममध्ये सलग चार डाव जिंकणाऱ्याला तर काही विचारायलाच नको. मराठीत त्या खेळाच्या नावातच बुद्धी आहे. त्यामुळे जो जिंकला तो हुशार आणि हरला तो ढ, असा हिशोब आपण न बोलताच करून टाकतो.

आपल्या भागात तर हा प्रश्न जास्तच जवळचा. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी इथे वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या. बाहेरगावची पोरं मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला खेळायला यायची. वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावच्या. मग बुद्धिबळ चांगलं खेळणाऱ्याचा आय. क्यू. जास्त असतो का? आणि मुळात आय. क्यू. टेस्ट बुद्धी मोजते का?

गंमत म्हणजे हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र येतात. बुद्धीची पहिली चालणारी चाचणी त्यानेच बनवली, आणि त्याच्या अकरा वर्षं आधी बुद्धिबळपटूंच्या डोक्यात काय चालतं याचा शास्त्रीय अभ्यासही त्यानेच केला. त्याचं नाव आल्फ्रेड बिने. नाव फारसं कोणाला माहीत नसतं, पण त्याच्या टेस्टच्या नातवंडं-पतवंडांना आपण सगळे सामोरे जातो. कॅम्पसला येणाऱ्या कंपनीचा पहिला अ‍ॅप्टिट्यूड राउंड हे त्यातलंच एक पतवंड!

वकिली नको, डॉक्टरकी नको

बिनेचा जन्म ८ जुलै १८५७ चा. आपल्याकडे उत्तरेत उठाव पेटला होता ते वर्ष. गाव नीस. आज ते फ्रान्समध्ये आहे, पण त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात होतं, १८६० मध्ये फ्रान्सकडे आलं. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील लवकरच वेगळे झाले आणि मुलाला आईनेच वाढवलं. शिक्षणासाठी ती त्याला पॅरिसला घेऊन आली. तिथल्या लुई-ल-ग्रां या नामांकित शाळेत तो शिकला.

१८७८ मध्ये त्याने कायद्याची डिग्री घेतली. पण वकिली काही केली नाही. मग घराण्याचा धंदा म्हणून मेडिकलकडे वळला. तेही अर्धवट सोडलं. आपल्यापैकी अनेकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. घरच्यांच्या मनातली ब्रँच एक, आपल्या मनातली दुसरी, आणि मन भलतीकडेच! बिनेचं मन रमलं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. तिथे बसून तो मानसशास्त्राची पुस्तकं वाचत सुटला. या विषयाची डिग्री त्याने कधीच घेतली नाही. जगाला बुद्धीची परीक्षा देणारा माणूस स्वतः त्या विषयात कुठल्याच परीक्षेला बसलेला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लोहचुंबकाचा धडा

१८८३ च्या सुमारास तो पॅरिसच्या साल्पेत्रिएर या मोठ्या हॉस्पिटलात काम करू लागला. तिथे शार्को नावाचे जगप्रसिद्ध डॉक्टर संमोहनावर प्रयोग करत होते. बिने आणि त्याचा मित्र फेरे यांनी तिथे एक अजब गोष्ट पाहिली. संमोहित पेशंटच्या एका हातातली हालचाल लोहचुंबक सरकवला की दुसऱ्या हातात जाते! चुंबकामुळे भावनासुद्धा उलटतात, असंही त्यांना दिसलं. दोघांनी पेपर लिहिले, १८८७ मध्ये पुस्तकही काढलं.

बेल्जियममधले देलबफ नावाचे शास्त्रज्ञ हा चमत्कार बघायला मुद्दाम पॅरिसला आले. त्यांना दिसलं ते वेगळंच. प्रयोग करणारे पेशंटच्या समोरच चुंबक हलवत होते आणि आता काय होणार हे तिच्यासमोर मोठ्याने बोलत होते. पेशंट बिचारी त्यांना हवं तेच करून दाखवत होती. बिनेने आधी जोरात वाद घातला. पण शेवटी त्याला मान्य करावं लागलं की आपला प्रयोगच चुकला होता. ऐन तिशीत सगळ्यांसमोर नामुष्की झाली. १८९० च्या सुमारास त्याने ते हॉस्पिटल सोडलं.

आपण लॅबमध्ये शिकतो की व्होल्टमीटर जोडला की सर्किट थोडं बदलतं. मोजणारं उपकरणच रीडिंग बिघडवू शकतं. बिनेला हा धडा माणसांच्या बाबतीत मिळाला, आणि तो त्याने जन्मभर विसरला नाही. पुढे त्याने सूचनेला माणूस कसा बळी पडतो यावर १९०० मध्ये एक पूर्ण पुस्तक लिहिलं.

घरातल्या दोन मुली

१८८४ मध्ये त्याचं लग्न झालं. सासरे बाल्बियानी हे मोठे भ्रूणशास्त्रज्ञ. १८८५ मध्ये मादलेन आणि १८८७ मध्ये आलीस अशा दोन मुली झाल्या. हॉस्पिटल सुटल्यावर बिनेची प्रयोगशाळा म्हणजे त्याचं घर. मुलींना खेळवता खेळवता तो त्यांचं निरीक्षण करायचा आणि टिपून ठेवायचा.

त्याला दिसलं की दोघी एकाच घरातल्या, पण शिकण्याची पद्धत अगदी वेगळी. मादलेन चालायला शिकली ती फार सावधपणे. कशाला धरायचं ते आधी बघायची, मग पाऊल टाकायची. आलीस मात्र खिदळत, धडपडत, कशाचाही विचार न करता सुटायची. दोघीही चालायला शिकल्या! मग जास्त हुशार कोण? बिनेला कळलं की हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. डोकं कमी-जास्त असतं त्याआधी ते वेगवेगळं असतं. या मुलींवरचा त्याचा अभ्यास पुढे १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आला.

१८९१ मध्ये रूआँच्या रेल्वे स्टेशनवर त्याची गाठ बोनी या प्राध्यापकांशी पडली. बोनी सोरबोन विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. बिनेने तिथे काम करायची इच्छा सांगितली आणि त्याला प्रवेश मिळाला. पगार मात्र नाही! घरचं बरं होतं म्हणून निभावलं. १८९४ मध्ये तो त्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला आणि मरेपर्यंत राहिला.

पट न बघता खेळणारे

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. त्या काळात पॅरिसमध्ये इनोदी नावाचा एक तरुण गाजत होता. मूळचा इटलीतला मेंढपाळ पोरगा. तो मोठमोठी गणितं तोंडी करून स्टेजवर प्रयोग करायचा. बिनेने त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. सोबत दियामांदी नावाचा दुसरा गणिती. बिनेच्या लक्षात आलं की इनोदीला आकडे कानात ऐकू येतात, तर दियामांदीला ते डोळ्यांपुढे लिहिलेले दिसतात. उत्तर एकच, रस्ते दोन.

मग बिनेने एक भारी गोष्ट केली. पॅरिसच्या एका मोठ्या दुकानातले अनुभवी कॅशियर बोलावले आणि त्यांची इनोदीशी गाठ घातली. छोट्या गुणाकारांत कॅशियर त्याच्या बरोबरीने आले, एक तर त्याच्याही पुढे गेला! आकडे खूप मोठे झाले तेव्हा इनोदी पुढे निघाला. आपल्या गणपती पेठेतल्या जुन्या किराणा दुकानदाराला पावणेसात किलो आणि साडेतीनशे ग्रॅमचा हिशोब कॅल्क्युलेटरशिवाय करताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही. रोजचा सराव काय करू शकतो ते तिथे दिसतं.

त्यानंतर बिने बुद्धिबळाकडे वळला. काही खेळाडू पटाकडे पाठ करून, फक्त चाली ऐकून खेळतात. एकाच वेळी अनेक डाव! सगळ्यांना वाटायचं की यांच्या डोक्यात पटाचा फोटो छापला जातो. बिनेलाही तसंच वाटत होतं. त्याने प्रश्नावली तयार केली, ती बुद्धिबळाच्या मासिकातून खेळाडूंपर्यंत पोहोचवली, काहींना प्रत्यक्ष बोलावलं.

उत्तरं आली ती उलटीच. चांगल्या खेळाडूंना फोटो दिसतच नव्हता. सोंगट्यांचा रंग, त्यांचा आकार, घर काळं की पांढरं, यातलं फारसं काही दिसत नव्हतं. गोएत्झ नावाच्या खेळाडूच्या मनात उंट म्हणजे लाकडाची सोंगटी नव्हतीच, ती फक्त तिरकी जाणारी एक ताकद होती. सिटनफेल्ड नावाच्या खेळाडूने तर आपल्याला डाव कसा दिसतो त्याचं चित्रच काढून दिलं. त्यात घोडा नाही, हत्ती नाही. काही रेघा, काही बाण, कोणाचा मारा कुठे पोहोचतो एवढंच.

हे वाचल्यावर मला पहिल्या वर्षाची फ्री बॉडी डायग्राम आठवली! बीमचा रंग कोणता, तो कुठल्या पुलाचा, याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. फोर्स कुठे लागतो आणि कुठल्या दिशेने, तेवढं काढायचं. पहिल्या सेमिस्टरला ते कोणालाच दिसत नाही, आणि शंभर गणितं केल्यावर आपोआप दिसायला लागतं.

हा अभ्यास १८९४ मध्ये पुस्तकरूपाने आला. बिनेचा निष्कर्ष असा होता की पट न बघता खेळायला तीन गोष्टी लागतात : खेळाचं ज्ञान आणि अनुभव, कल्पनाशक्ती आणि स्मरणशक्ती. आणि स्मरणशक्तीसुद्धा फोटोवाली नाही. खेळाडूच्या लक्षात राहतो तो डावाचा अर्थ. ज्याला अर्थ कळतो त्याला घोकंपट्टी करावी लागत नाही.

डोक्याची मापं

याच सुमारास युरोपात एक समजूत पक्की होती. डोकं जेवढं मोठं तेवढी बुद्धी जास्त. बिनेनेही ती खरी मानून कामाला सुरुवात केली. १८९८ पासून तीन वर्षं त्याने शाळांमध्ये जाऊन शिक्षकांनी निवडलेल्या हुशार आणि मागे पडलेल्या मुलांच्या डोक्यांची मापं घेतली. फरक निघाला तो अगदी मिलिमीटरमधला, आणि कधी कधी उलटासुद्धा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. बिनेच्या मनात चुंबकाची भीती बसलेली होती. त्याला शंका आली, की हा मुलगा हुशार आहे हे आधीच माहीत असल्यामुळे आपला हात नकळत माप वाढवत तर नाही ना? त्याने स्वतःचीच तपासणी केली आणि हो, तसं होत होतं! त्याने ते छापून टाकलं आणि डोकी मोजायचा नाद सोडला. आपल्यापैकी किती जण जर्नलमध्ये ग्राफ सरळ यावा म्हणून रीडिंग अ‍ॅडजस्ट करतात? असो.

मागच्या बाकावरच्या मुलांसाठी

फ्रान्समध्ये १८८२ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. नेमक्या त्याच वर्षी आपल्याकडे महात्मा फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती. जोतीरावांचं मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. तिथे कायदा झाला, इथे मागणी पडून राहिली.

सगळी मुलं शाळेत आल्यावर फ्रान्समध्ये नवा प्रश्न उभा राहिला. काही मुलांना वर्गाबरोबर चालता येईना. त्यांचं काय करायचं? सोपा उपाय म्हणजे त्यांना मतिमंद ठरवून वेड्यांच्या इस्पितळात धाडणं. ठरवणार कोण? एखादे गुरुजी त्रास देणाऱ्या मुलाला काढून टाकायला बघणार, एखादा डॉक्टर पाच मिनिटांत शिक्का मारणार. १९०४ मध्ये सरकारने यासाठी समिती नेमली आणि बिने तिचा सभासद झाला.

त्याच्या जोडीला तेओदोर सिमों नावाचा तरुण डॉक्टर होता. दोघांनी मिळून १९०५ मध्ये तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. सोप्यापासून अवघडाकडे जाणारी. पेटलेल्या काडीकडे बाळ नजर वळवतं का? चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यातला फरक कळतो का? नाक, डोळा दाखवता येतो का? सांगितलेले आकडे तसेच परत म्हणता येतात का? माशी आणि फुलपाखरू यात फरक काय? तीन शब्द दिले तर त्यांचं एक वाक्य करता येतं का? प्रश्न मुद्दामच पुस्तकाबाहेरचे ठेवले होते, म्हणजे शाळेत न गेलेल्या मुलालाही संधी मिळेल.

१९०८ मध्ये त्यांनी चाचणी सुधारली आणि प्रश्न वयाप्रमाणे लावले. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमतं ते सहाच्या रांगेत. एखाद्या नऊ वर्षांच्या मुलाला सहाच्याच रांगेपर्यंत जमलं, तर त्याला मदतीची गरज आहे. झालं, एवढंच काम. डॉक्टर थर्मामीटर लावतो तो पेशंटला नंबर द्यायला नाही, औषध द्यायला. तसंच हे.

बिनेने तीन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या होत्या. एक, बुद्धी ही लांबी किंवा वजनासारखी एका रेषेत मोजायची वस्तू नाही, हा फक्त कामापुरता अंदाज आहे. दोन, तो फक्त मदत करण्यासाठी वापरायचा. तीन, आलेला आकडा कायमचा नाही.

तिसऱ्या मुद्द्यासाठी तो फार भांडला. १९०९ च्या त्याच्या पुस्तकात, बुद्धी जन्मतः ठरलेली आहे असं मानणाऱ्यांवर त्याने कडक टीका केली. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने खास वर्ग काढायला लावले. तिथे आधी अभ्यास नाही, आधी लक्ष द्यायला शिकवायचं. त्यातला एक खेळ म्हणजे सगळ्यांनी काही सेकंद पुतळ्यासारखं स्तब्ध राहायचं. आपण लहानपणी खेळायचो तोच स्टॅच्यू! पाण्याने भरलेला पेला न सांडता नेणं, क्षणभर दाखवलेल्या वस्तू आठवून सांगणं, असे बाकीचे खेळ. मुलं सुधारत होती, आणि सुधारलेली मुलं म्हणजे वाढलेली बुद्धीच, असं त्याचं सरळ मत होतं.

घरच्या वातावरणाचा परिणामही त्याने ओळखला होता. ब्रुसेल्समधल्या सुखवस्तू घरच्या मुलांना हीच चाचणी दिली तेव्हा ती पॅरिसच्या साध्या शाळेतल्या मुलांच्या पुढे निघाली, विशेषतः भाषेच्या प्रश्नांत. हे मला तर अगदी पटतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे अ‍ॅप्टिट्यूडमधला इंग्रजीचा सेक्शन मला पाण्यासारखा जातो. जत किंवा माण तालुक्यातून आलेले, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले माझे मित्र तिथेच अडकतात, आणि नंतर रात्री तेच मला एम-थ्री शिकवतात! त्या सेक्शनने आमच्यातलं नक्की काय मोजलं?

तो गेल्यावर

बिने कधीच प्राध्यापक झाला नाही. कॉलेज द फ्रान्समध्ये जागा निघाली ती १९०२ मध्ये पिएर जाने यांना मिळाली. शेवटच्या वर्षांत तो नाटकं लिहायचा, तीही भयनाटकं! आंद्रे द लोर्द या नाटककाराबरोबर लिहिलेल्या त्या नाटकांत वेड आणि डॉक्टर हेच विषय. १९११ मध्ये त्याने चाचणीची तिसरी आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला तो वारला. वय अवघं ५४.

आय. क्यू. हा शब्द त्याने वापरलेला नाही. तो नंतर आला. १९१२ मध्ये जर्मनीच्या स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी त्याला शंभराने गुणलं आणि स्टॅनफर्ड-बिने टेस्ट बाजारात आली. अंदाजाचा आकडा झाला आणि आकड्याचा शिक्का झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सतरा लाखांवर माणसांना अशा टेस्ट दिल्या गेल्या. इंग्रजी धड न येणाऱ्या स्थलांतरितांना मंदबुद्धी ठरवलं गेलं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला परवानगी दिली, कारण ती आणि तिची आई मंदबुद्धी आहेत असं ठरवलं गेलं होतं. ती मुळात तशी नव्हतीच, हे नंतर उघड झालं. सिमों १९६१ पर्यंत जगला. आपल्या चाचणीचं हे झालेलं पाहून, मूळ हेतूशी दगाफटका झाला असंच त्याचं म्हणणं होतं.

आपल्याकडे धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बदलून घेतली, त्यावर १९४० मध्ये पुस्तक लिहिलं. बिने-कामत टेस्ट या नावाने ती पुढे अनेक दशकं वापरली गेली, मुख्यतः कुठल्या मुलाला शाळेत खास मदत हवी ते ठरवायला. म्हणजे बिनेच्या मूळ हेतूच्या बरीच जवळ.

टेस्टशिवायही हे काम करणारी माणसं आपल्या मातीत होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची गरीब पोरं एकत्र राहिली, राबली आणि शिकली. त्या काळी ही पोरं शिकण्याच्या लायकीची नाहीत असं मानणारे कमी नव्हते. अण्णांनी आधी त्यांची बुद्धी मोजली नाही. आधी राहायला जागा दिली, जेवण दिलं, गुरुजी दिले. बिने पॅरिसच्या वर्गांत जे सिद्ध करू बघत होता, ते साताऱ्यात हजारो मुलांनी दाखवून दिलं.

मग बुद्धिबळाचं काय?

बिनेनंतर शंभर वर्षांत यावर बरंच संशोधन झालं. १९२५ च्या मॉस्को स्पर्धेच्या वेळी रशियन मानसशास्त्रज्ञांनी मास्टर खेळाडूंना तपासलं. पटाच्या बाहेर त्यांची स्मरणशक्ती साध्या माणसाहून फार वेगळी निघाली नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत चेस आणि सायमन यांनी मास्टरला खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली. त्याने ती जवळजवळ पूर्ण मांडून दाखवली, नवख्याला मोजक्याच सोंगट्या आठवल्या. मग त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून दाखवल्या. मास्टर आणि नवखा, दोघेही सारखेच! कारण त्यात अर्थच नव्हता. बिनेने १८९४ मध्ये जे सांगितलं तेच हे.

२००७ मध्ये बिलालिच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ५७ शाळकरी खेळाडूंचा अभ्यास केला. एकूण मुलांत आय. क्यू. आणि खेळ यांचा थोडा संबंध दिसला, पण सगळ्यात मोठा वाटा सरावाचा होता. त्यातल्या सर्वांत चांगल्या २३ मुलांत तर संबंध उलटा निघाला, कारण जास्त आय. क्यू. वाली पोरं सराव कमी करत होती! २०१६ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र आकडेमोड झाली. तर्काच्या चाचण्या आणि बुद्धिबळ यांचं कोरिलेशन साधारण ०.२४ आलं. स्टॅटिस्टिक्समध्ये आपण वर्ग करायला शिकलो आहोत. ०.२४ चा वर्ग म्हणजे सुमारे सहा टक्के. खेळाडूंमधल्या फरकापैकी एवढाच भाग त्या टेस्टशी जुळतो. हा संबंध लहान मुलांत आणि नवख्यांत जास्त दिसतो, मुरलेल्या खेळाडूंत कमी होत जातो.

म्हणजे आय. क्यू. टेस्ट अगदीच फालतू आहे असंही नाही. शाळेतल्या मार्कांशी तिचा बऱ्यापैकी संबंध असतो. असणारच, ती बनवलीच होती शाळेत कोण अडकेल ते ओळखायला! ती आजची काही कौशल्यं मोजते, त्या दिवशी, त्या भाषेत, त्या वेळेत. तुम्ही उद्या किती शिकाल हे तिला माहीत नसतं.

आता प्लेसमेंटचा सीझन येईल. पहिल्या राउंडला चाळीस मिनिटांची टेस्ट होईल आणि यादी लागेल. आपल्यापैकी कितीतरी जणांचं नाव त्यात नसेल. त्या रात्री रूमवर कोणी पांघरूण घेऊन पडला असेल आणि स्वतःला ढ समजत असेल, तर त्याला उठवा. बिनेने ती चाचणी अशा मुलांना बाहेर काढायला बनवली नव्हती, त्यांच्याकडे आधी जायला बनवली होती. कुठला सेक्शन अडला ते विचारा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याबरोबर बसा.